एक्स्चेंज सर्व्हर बसवण्याआधी डिस्कची आखणी

कार्यालयाचा स्वतःचा मेलसर्व्हर उभा करायचे ठरले, की कोटेशनमध्ये प्रोसेसर आणि रॅम यांवर तास-तास चर्चा होते आणि डिस्कची ओळ मात्र ‘२ टीबी, ४ नग’ एवढ्यावर संपते. माझ्या अनुभवात मेलसर्व्हरची बहुतेक मोठी संकटे याच ओळीतून उगवतात. प्रोसेसर कमी पडला तर काम मंदावते, पण डिस्कची मांडणी चुकली तर लोकांचा पत्रव्यवहार जातो. म्हणून मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हर बसवताना डिस्क कोणत्या घ्याव्यात, किती घ्याव्यात आणि त्यांवर काय कुठे ठेवावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

लेखातील कार्यालय सुमारे १५० मेलबॉक्सचे आहे. औद्योगिक वसाहतीतला मध्यम कारखाना, एखादे रुग्णालय किंवा सनदी लेखापालांची मोठी पेढी डोळ्यांसमोर आणावी. सर्व्हर एकच आहे. डेटाबेसच्या एकाहून अधिक जिवंत प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवणारी रचना, म्हणजे डॅग, येथे गृहीत धरलेली नाही, कारण ती परवडणारी कार्यालये सहसा जाणकार सल्लागारही नेमतात. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे नवी उभारणी जुलै २०२५ मध्ये आलेल्या सबस्क्रिप्शन एडिशनचीच करावी. डिस्कपुरते बोलायचे तर २०१९ चे नियम तिलाही लागू पडतात.

रोजकीर्द आणि खतावणी

पुढचे जवळजवळ सगळे निर्णय एक्स्चेंज मजकूर कसा लिहितो यावर अवलंबून आहेत, त्यामुळे तेवढे आधी नीट समजून घ्यावे. जुन्या पेढीवर कोणताही व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत चढत असे आणि तेथून सवडीने खतावणीत जात असे. एक्स्चेंज नेमके हेच करतो. नवे पत्र आले, कोणी पत्र खोडले किंवा कॅलेंडरमधली बैठक पुढे ढकलली, तर तो बदल आधी ट्रान्झॅक्शन लॉग नावाच्या फाइलमध्ये लिहिला जातो, मेमरीत ठेवला जातो आणि त्यानंतर डेटाबेसच्या मुख्य फाइलमध्ये उतरतो. लॉगची प्रत्येक फाइल १ एमबीची असते, ती भरली की पुढची सुरू होते, आणि पूर्ण बॅकअप यशस्वी होईपर्यंत जुन्या लॉगफाइल साचत राहतात.

या रचनेमुळे एक मोठी सोय होते. खतावणी जळाली तरी कालच्या शिल्लकेवरून आणि आजच्या रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. त्याचप्रमाणे डेटाबेसची डिस्क दुपारी चार वाजता गेली, तर आदल्या रात्रीचा बॅकअप परत घालून त्यावर दिवसभराचे लॉग चढवता येतात आणि चार वाजेपर्यंतची पत्रे जशीच्या तशी मिळतात. मात्र त्यासाठी लॉग वाचलेले असले पाहिजेत. दोन्ही एकाच डिस्कसंचावर असतील, तर रोजकीर्द आणि खतावणी एकाच आगीत जातात आणि हाती फक्त कालची शिल्लक राहते.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मला हे प्रत्यक्ष पाहावे लागले. चार डिस्कचा एकच संच केलेला होता आणि त्यावर विंडोज, डेटाबेस व लॉग असे सगळे एकत्र होते. एका डिस्कने मान टाकली, ती बदलून संच पुन्हा बांधला जात असतानाच दुसरी गेली. बॅकअप आदल्या रात्रीचा होता, त्यामुळे जुनी पत्रे परत मिळाली, पण त्या दिवशी परदेशी ग्राहकाकडून आलेल्या खरेदी आदेशांतल्या दुरुस्त्या कायमच्या गेल्या. लॉगसाठी वेगळ्या दोन लहान डिस्क असत्या तर त्यांतले एकही पत्र गेले नसते, आणि त्या दोन डिस्कची किंमत त्या संपूर्ण सर्व्हरच्या किमतीत नगण्य होती. तेव्हापासून एकट्या सर्व्हरची आखणी करताना डेटाबेस आणि त्याचे लॉग वेगवेगळ्या प्रत्यक्ष डिस्कवर ठेवणे, या एका बाबीत मी तडजोड करत नाही. वेग, जागा आणि किंमत यांचा विचार त्यानंतर करावा.

लॉगची डिस्क गेली तर काय होते, हेही लक्षात घ्यावे. सर्व्हर अचानक बंद पडला असेल, तर मेमरीतले काही बदल डेटाबेसमध्ये उतरायचे राहिलेले असतात आणि ते फक्त लॉगमध्येच असतात. ते लॉग नसतील तर डेटाबेस माउंट होत नाही, म्हणजे वापरासाठी उघडत नाही. मग एकतर कालच्या बॅकअपवर परतावे लागते किंवा ईएसईयूटिल या साधनाची जबरदस्तीची दुरुस्ती वापरावी लागते, जिच्यात न जुळणारी पाने सरळ टाकून दिली जातात. म्हणून लॉगची डिस्कही एकटी ठेवू नये. तिची आरशाप्रत, म्हणजे तोच मजकूर एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणारी रेड-१ मांडणी, असलीच पाहिजे.

जागेचा हिशेब

डिस्क मागवण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडावा. आपल्या कार्यालयात प्रत्येकाला ४ जीबीची मर्यादा आहे आणि प्रत्येक जण रोज सरासरी ७५ केबीची १०० पत्रे पाठवतो व घेतो, असे धरू. वरवर पाहता १५० गुणिले ४, म्हणजे ६०० जीबी पुरेसे वाटतात. पण मेलबॉक्स डिस्कवर त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त जागा घेतो. खोडलेली पत्रे सामान्यतः १४ दिवस राखली जातात, त्यांचे सुमारे १०० एमबी होतात. एकही पत्र पूर्णपणे नष्ट होऊ नये म्हणून ठेवलेल्या जुन्या प्रतींसाठी मर्यादेच्या सुमारे १.२ टक्के आणि कॅलेंडरच्या नोंदींसाठी सुमारे ३ टक्के जागा धरावी लागते. शिवाय एका दिवसाच्या पत्रांएवढी, म्हणजे सात-साडेसात एमबी, मोकळी जागा डेटाबेसच्या आत राहते. हे सगळे मिळवले की एक मेलबॉक्स ४.२८ जीबीच्या आसपास जातो आणि १५० मेलबॉक्सचे सुमारे ६४० जीबी होतात.

ही बेरीज एकाच डेटाबेसमध्ये कोंबू नये. दुसरी जिवंत प्रत नसलेला डेटाबेस २०० जीबीच्या आत ठेवावा, ही मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे आणि ती अगदी व्यवहार्य आहे, कारण डेटाबेस जितका मोठा तितका तो परत घालायला वेळ जास्त लागतो आणि तेवढा वेळ लोक मेलविना बसून राहतात. येथे चार डेटाबेस केले तर प्रत्येक सुमारे १६० जीबीचा होईल. एक्स्चेंजच्या स्टँडर्ड आवृत्तीत ५ डेटाबेस माउंट करता येतात, त्यामुळे परवान्याचीही अडचण येत नाही. मेलबॉक्सची वाटणी आडनावांच्या अक्षरांनुसार करण्यापेक्षा प्रत्येक विभागातली माणसे चारही डेटाबेसमध्ये मिसळून करावी. संपूर्ण लेखा विभाग एका डेटाबेसमध्ये असला आणि नेमका तोच बंद पडला, तर महिनाअखेरीस काय होईल याची कल्पना करावी.

काढलेल्या आकड्याच्या १२० टक्के जागा धरावी, म्हणजे सुमारे ७७० जीबी. एखाद्याचे जुने पत्र शोधून काढण्यासाठी बॅकअपमधला डेटाबेस बाजूला उतरवता यावा म्हणून सर्वांत मोठ्या डेटाबेसएवढी जागा राखून ठेवावी, की आकडा ९३० जीबीपर्यंत जातो. डिस्क नेहमी निदान २० टक्के मोकळी असावी असा माझा आग्रह असल्यामुळे सुमारे १,१६० जीबीचा व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवरचा विभाग, हवा. बाजारात २ टीबी म्हणून मिळणारी डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसते, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत. हा फरक न धरल्यामुळे नेमकी जागा मागवणाऱ्यांची पंचाईत होते. आपल्या उदाहरणात २ टीबीच्या दोन डिस्कची आरशाप्रत निर्धास्तपणे पुरते आणि मेलबॉक्सची मर्यादा पुढे वाढवण्यासही वाव राहतो. शोधासाठी लागणारा निर्देशांक २०१९ पासून डेटाबेसच्या आतच ठेवला जातो, त्यामुळे जुन्या मार्गदर्शकांत दिसणारी त्याच्यासाठीची स्वतंत्र २० टक्क्यांची तरतूद आता वेगळी करावी लागत नाही. वरच्या वाढीव जागेत ती सामावते.

लॉगचा हिशेब सोपा आहे. रोज १०० पत्रे हाताळणारा मेलबॉक्स दिवसाला साधारण २० लॉगफाइल निर्माण करतो. १५० मेलबॉक्सच्या ३,०००, म्हणजे रोज सुमारे ३ जीबी. बॅकअप तीन दिवस अयशस्वी झाला तरी लॉगची डिस्क पुरली पाहिजे, असा सर्वसाधारण संकेत आहे. मी मात्र दहा दिवस धरतो, कारण आपल्याकडे दिवाळीच्या सुट्टीत बॅकअप बंद पडल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. तरीही ३० जीबीच होतात. खरी गरज लागते ती जुन्या सर्व्हरवरून मेलबॉक्स हलवताना, त्याविषयी पुढे येईल. तेवढ्यासाठी लॉगला किमान २०० ते ३०० जीबी द्यावेत.

कोणत्या डिस्क घ्याव्यात

वेगाबद्दल अकारण धास्ती असते. जुन्या काळात एक्स्चेंज डिस्कला फार छळत असे, आता तसे राहिलेले नाही. रोज १०० पत्रांच्या एका मेलबॉक्ससाठी सेकंदाला सुमारे ०.०६७ वाचन-लेखन क्रिया पुरतात. १५० मेलबॉक्सच्या जेमतेम १० होतात, आणि मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची साधी डिस्कही सेकंदाला पन्नास-साठ क्रिया सहज करते. बॅकअप, देखभाल आणि सकाळी साडेनऊला एकदम उघडणारी आउटलुक यांचा भार धरूनही डेटाबेससाठी फिरत्या डिस्क पुरतात. एसएसडी घेतल्यास उत्तमच, पण एसएसडीचा पैसा काढण्यासाठी आरशाप्रत किंवा बॅकअपची डिस्क यादीतून वगळणे हे घराचा पाया कमी करून रंग भारी घेण्यासारखे आहे. एसएसडीवर वारंवार लागणारी माहिती ठेवणारी मेटाकॅश डेटाबेस ही सोय फक्त डॅगमध्ये चालते, तेव्हा एकट्या सर्व्हरसाठी तिच्या नावाने कोणी एसएसडी खपवत असेल तर ती घेऊ नये.

फिरती डिस्क घेताना ती सर्व्हरसाठी बनवलेली आहे ना, हे पाहावे. घरगुती डिस्क एखादा खराब सेक्टर वाचण्यासाठी बराच वेळ झटत राहते आणि तेवढ्यात डिस्कचा संच सांभाळणारा रेड कंट्रोलर तिला मृत समजून संचाबाहेर काढतो. सर्व्हरच्या डिस्क काही सेकंदांत प्रयत्न सोडून देतात आणि ते काम कंट्रोलरकडे सोपवतात. दुसरी गोष्ट, ज्यांत माग एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले असतात अशा एसएमआर प्रकारच्या डिस्क टाळाव्यात. त्या सलग लिहिण्यास ठीक असतात, पण डेटाबेसच्या विखुरलेल्या लेखनात आणि विशेषतः संच पुन्हा बांधताना त्या अत्यंत मंदावतात. माहितीपत्रकात सीएमआर, म्हणजे माग एकमेकांवर न चढवलेली डिस्क, असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे.

एसएसडीमध्ये टिकाऊपणाच्या आकड्यांकडे सगळे पाहतात, पण आपल्याला त्याची चिंता नाही. ४८० जीबीची, रोज एकदा पूर्ण लिहिता येईल अशी हमी असलेली एसएसडी दिवसाला ४८० जीबी सोसते आणि आपले लॉग आहेत ३ जीबी. पाहायचे ते वीज गेल्यावर काय होते हे. सर्व्हरसाठीच्या एसएसडीत लहान कपॅसिटर बसवलेले असतात आणि वीज अचानक गेली तरी हाती घेतलेले लेखन ते पूर्ण करून देतात. बहुतेक घरगुती एसएसडींत ही सोय नसते. लॉग लिहिला गेला असे एसएसडीने सांगितले आणि प्रत्यक्षात तो तिच्या तात्पुरत्या स्मृतीत असतानाच वीज गेली, तर वरची सगळी रोजकीर्दीची व्यवस्था फोल ठरते. म्हणून लॉगच्या एसएसडीला पॉवर लॉस प्रोटेक्शन असणे ही माझ्या दृष्टीने अट आहे.

रेडचा प्रकार निवडताना दोन डिस्क असतील तर रेड-१ आणि चार किंवा अधिक असतील तर रेड-१०, म्हणजे आरशाप्रतीच्या जोड्यांवर मजकूर वाटून लिहिणारी मांडणी, घ्यावे. रेड-५ मध्ये, म्हणजे संपूर्ण संचात एकाच डिस्कएवढी जागा सुरक्षेसाठी राखणाऱ्या मांडणीत, जागा जास्त मिळते हे खरे, परंतु प्रत्येक लहान लेखनासाठी त्याला चार क्रिया कराव्या लागतात, आणि एक डिस्क गेल्यावर उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. घरगुती डिस्कचे उत्पादक साधारण १२.५ टीबी वाचनामागे एखादा न वाचता येणारा सेक्टर शक्य असल्याचे सांगतात. मोठ्या डिस्कच्या संचात पुनर्बांधणीच्या वेळी ही शक्यता अगदी उंबरठ्यावर येऊन उभी राहते. शक्य असल्यास जोडीतल्या दोन डिस्क वेगवेगळ्या उत्पादन-खेपेतल्या घ्याव्यात, कारण एका खेपेतले दोष एकाच सुमारास डोके वर काढतात. आणि एक तयार डिस्क कपाटात ठेवावी. तालुक्याच्या ठिकाणी तीच डिस्क मागवायला चार दिवस लागू शकतात.

खण चारच असतील तर

लहान टॉवर सर्व्हरमध्ये डिस्क बसवण्याचे बहुधा चारच खण असतात. विंडोज, लॉग आणि डेटाबेस यांसाठी तीन स्वतंत्र जोड्या मिळाल्या तर छानच, पण त्यासाठी सहा खण लागतात. चार खणांत मी अशी मांडणी करतो: पहिल्या दोन खणांत ९६० जीबीच्या दोन सर्व्हर-एसएसडींची आरशाप्रत, तिच्यावर सी ड्राइव्हसाठी ३०० जीबी आणि लॉगसाठी ४५० जीबी असे दोन विभाग, उरलेली जागा तशीच मोकळी. पुढच्या दोन खणांत २ टीबीच्या दोन डिस्कची आरशाप्रत आणि तिच्यावर फक्त डेटाबेस. विंडोज आणि लॉग एका जोडीवर आले तरी चालते, कारण ती जोडी गेली तर डेटाबेस वाचतो आणि डेटाबेसची जोडी गेली तर लॉग वाचतात. चारही डिस्कचा एकच रेड-१० करून वर विभाग पाडण्याचा मोह मात्र आवरावा. त्यात वेग मिळतो, पण वेगळेपण फक्त कागदावर राहते.

आभासी यंत्रात, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये, एक्स्चेंज बसवणाऱ्यांची नेमकी हीच फसगत होते. आत ई आणि एफ असे दोन ड्राइव्ह दिसतात, पण त्यांच्या फाइल खाली एकाच डिस्कसंचावर पडलेल्या असतात. दोन्ही आभासी डिस्क वेगवेगळ्या प्रत्यक्ष संचांवर आहेत, याची हायपरव्हायझरमध्ये, म्हणजे आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जाऊन खात्री करावी. नॅसवरच्या, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणपेटीवरच्या, सामाईक फोल्डरमध्ये किंवा एनएफएस या नेटवर्कवरून फाइल वापरण्याच्या पद्धतीवर एक्स्चेंजचा डेटा ठेवण्यास मायक्रोसॉफ्टचा आधार नाही. हायपरव्हायझरने ती जागा आतून डिस्कसारखी दाखवली तरीही नाही. अपवाद फक्त हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या हायपरव्हायझरसोबत एसएमबी ३.० ही फाइल-वाटपाची पद्धत वापरण्याचा आहे. आयस्कझी किंवा फायबर चॅनल या जोडण्यांवरून मिळणारी ब्लॉक स्वरूपाची, म्हणजे फाइलींऐवजी डिस्कचे कच्चे तुकडे देणारी, साठवण चालते. आभासी यंत्राचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची टिपलेली स्थिती, हा एक्स्चेंजचा बॅकअप नव्हे. तो पूर्वस्थितीवर परत नेल्यास नको ते प्रसंग ओढवतात, त्यामुळे एक्स्चेंजच्या यंत्रावर तो घेऊच नये.

कॅश, बॅटरी आणि यूपीएस

रेड कंट्रोलरला स्वतःची कॅश, म्हणजे तात्पुरती स्मृती, असते आणि तिला बॅटरी किंवा फ्लॅशचा आधार असतो, तेव्हाच लेखनासाठी ती वापरावी. आधार असल्यास ती पूर्णपणे, म्हणजे १०० टक्के, लेखनालाच द्यावी. डिस्कच्या पोटातली स्वतःची लेखन-कॅश, यूपीएस नसेल तर, बंद ठेवलीच पाहिजे. औद्योगिक वसाहतींत देखभालीसाठी वीज तासन्‌तास बंद राहते आणि यूपीएसच्या बॅटऱ्या तेवढा वेळ तग धरत नाहीत. म्हणून यूपीएसची संदेशवाहक तार सर्व्हरला जोडून, बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली जाताच विंडोज आपोआप व्यवस्थित बंद होईल अशी योजना करावी. ही तार मी अनेक ठिकाणी यूपीएसच्या खोक्यातच पडलेली पाहिली आहे.

सी ड्राइव्ह

एक्स्चेंज ज्या ड्राइव्हवर बसतो तेथे ३० जीबी मोकळे हवेत, असे अधिकृत अटीत म्हटले आहे. ती किमान अट आहे, ती पुरेशी समजू नये. पेजफाइल, म्हणजे रॅमला पूरक अशी डिस्कवरची फाइल, बसवलेल्या रॅमच्या २५ टक्के ठेवायची असते, किमान आणि कमाल आकार सारखाच. मायक्रोसॉफ्टच्या शिफारशीप्रमाणे १२८ जीबी रॅम घेतली, तर ३२ जीबी तिथेच गेले. पत्रांच्या रांगेचा डेटाबेस, एक्स्चेंजच्या निदान-नोंदी आणि आयआयएस या विंडोजच्या वेबसर्व्हरच्या नोंदी याच ड्राइव्हवर वाढत जातात, आणि आयआयएसच्या नोंदी आपण होऊन कधीच खोडल्या जात नाहीत. जागा फार कमी झाली, की एक्स्चेंज बाहेरून येणारी पत्रे नाकारू लागतो. समोरच्याला ‘४५२ ४.३.१’ या क्रमांकाची, साधने अपुरी असल्याची सूचना मिळते आणि आतल्या लोकांना इतकेच जाणवते, की आज पत्रे कमी आली.

भारतातील कार्यालयांसाठी आणखी एक कारण आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात, तर एक्स्चेंजमधली पत्रांच्या मागोव्याची नोंद मुळात ३० दिवसांनी किंवा फोल्डर १,००० एमबीचे झाले की खोडली जाते. ही मुदत आणि हा आकार दोन्ही वाढवावेत आणि आयआयएसच्या जुन्या नोंदी दरमहा दाबून दुसऱ्या साठवणीवर हलवाव्यात. हे सगळे धरून सी ड्राइव्हला मी २५० ते ३०० जीबी देतो.

फॉरमॅट आणि उभारणी

डेटाबेस आणि लॉग यांचे व्हॉल्यूम जीपीटी या विभाजन-पद्धतीच्या बेसिक डिस्कवर करावेत आणि फॉरमॅट करताना अॅलोकेशन युनिटचा, म्हणजे क्लस्टरचा, आकार ६४ केबी निवडावा. विंडोज आपण होऊन ४ केबी निवडते आणि नंतर तो बदलायचा म्हणजे सगळे उतरवून पुन्हा फॉरमॅट करावे लागते. एफएसयूटिल या आज्ञेने क्लस्टरचा आकार तपासावा, तो ६५,५३६ बाइट दिसला पाहिजे. विंडोज आणि एक्स्चेंजचा प्रोग्रॅम यांसाठी एनटीएफएस हीच फाइलप्रणाली हवी. डेटाबेस व लॉगसाठी आरईएफएस ही विंडोजची दुसरी फाइलप्रणाली वापरता येते, पण तिची डेटा-शुद्धता तपासण्याची सोय त्या व्हॉल्यूमवर बंद ठेवावी लागते. बॅकअपचे सॉफ्टवेअर आरईएफएस नीट हाताळते याची खात्री नसेल, तर एनटीएफएसवरच थांबावे. एनटीएफएसचे कॉम्प्रेशन आणि विंडोजचे डीड्युप्लिकेशन, म्हणजे सारख्या मजकुराची एकच प्रत ठेवण्याची सोय, या व्हॉल्यूमवर चालू करू नये.

डिस्कवरचा मजकूर कूटबद्ध करणारे बिटलॉकर मात्र अवश्य वापरावे, आणि व्हॉल्यूम रिकामे असतानाच चालू करावे. हमीच्या काळात बिघडलेली डिस्क परत पाठवावी लागते आणि हमी संपल्यावर ती भंगारात जाते. तिच्यावर वेतनाची पत्रके, रुग्णांचे अहवाल, निविदांचे आकडे वाचता येण्याजोगे राहू नयेत. बिटलॉकरची पुनर्प्राप्ती-किल्ली छापून तिजोरीत ठेवावी. ती स्वतःलाच मेल करून ठेवल्यास ती कुलपाच्या आत राहते.

एक्स्चेंजच्या उभारणीतला विझार्ड प्रोग्रॅम कुठे बसवायचा ते विचारतो, पण पहिला डेटाबेस कुठे ठेवायचा ते विचारत नाही आणि तो प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे बहुधा सी ड्राइव्हवर, तयार करतो. तसे होऊ नये म्हणून उभारणी कमांड प्रॉम्प्टवरून करावी. तेथे डेटाबेसचे नाव, त्याच्या फाइलचा मार्ग आणि लॉगच्या फोल्डरचा मार्ग असे तीन घटक देता येतात. विझार्डने उभारणी झालीच असेल, तर एक्स्चेंजच्या पॉवरशेलमधून मूव्ह-डेटाबेसपाथ ही आज्ञा वापरून तो डेटाबेस रिकामा असतानाच योग्य जागी हलवावा. हलवताना तो बंद राहतो, आणि १६० जीबी भरल्यावर हे काम तासांचे होते. प्रत्येक डेटाबेसला आणि त्याच्या लॉगला स्वतंत्र फोल्डर द्यावे. बाकीचे तीन डेटाबेस तयार केल्यानंतर इन्फर्मेशन स्टोअर ही सेवा पुन्हा सुरू करावी, म्हणजे मेमरीची वाटणी नव्या संख्येप्रमाणे होते. या फोल्डरांना अँटीव्हायरसच्या फाइल-तपासणीतून वगळावे. लॉगफाइलमध्ये काही संशयास्पद सापडले म्हणून अँटीव्हायरसने ती उचलून बाजूला ठेवली, तर डेटाबेस तेथेच थांबतो.

खरी पत्रे येण्याआधी

लोकांना सर्व्हर सोपवण्यापूर्वी निदान दोन दिवस परीक्षेसाठी राखावेत. मायक्रोसॉफ्टचे जेटस्ट्रेस हे साधन एक्स्चेंजसारखाच भार डिस्कवर टाकते. डेटाबेसच्या वाचनाला सरासरी २० मिलिसेकंदांपेक्षा आणि लॉगच्या लेखनाला १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर मांडणीत काहीतरी चुकले आहे. बहुतेकदा कंट्रोलरची कॅश बंद असते किंवा तिची बॅटरी मेलेली असते. खरी पत्रे असलेल्या सर्व्हरवर जेटस्ट्रेस कधीही चालवू नये.

भार चालू असतानाच एक डिस्क खणातून ओढून काढावी. सर्व्हर चालत राहतो का, इशाऱ्याचा संदेश कोणाला आणि किती मिनिटांत मिळतो, कपाटातली डिस्क घातल्यावर पुनर्बांधणी आपोआप सुरू होते का आणि तिला किती तास लागतात, हे सगळे लिहून ठेवावे. इशारा त्याच मेलसर्व्हरवरच्या पत्त्यावर जात असेल तर तो एसएमएसने किंवा बाहेरच्या पत्त्यावर वळवावा.

त्यानंतर मेलबॉक्स हलवण्यास घ्यावेत. हलवलेला प्रत्येक जीबी नव्या सर्व्हरवर जवळजवळ तेवढेच लॉग निर्माण करतो. एका रात्री ४ जीबीचे २० मेलबॉक्स हलवले, तर सकाळपर्यंत सुमारे ८० जीबी लॉग साचतात. लॉगची डिस्क पूर्ण भरली की डेटाबेस बंद होतो, आणि तो असा बंद झाला की घाबरलेला माणूस सर्वांत आधी जुन्या लॉगफाइल हाताने खोडायला जातो. ते कदापि करू नये. डेटाबेसला त्यांतल्या कोणत्या हव्या आहेत हे तारखेवरून कळत नाही. पूर्ण बॅकअप घेतला की नको असलेले लॉग एक्स्चेंज स्वतःच काढून टाकतो, म्हणून स्थलांतराच्या काळात रोज रात्रीच्या हलवाहलवीनंतर पहाटे पूर्ण बॅकअप ठेवावा. काही जण तेवढ्यापुरते सर्क्युलर लॉगिंग चालू करतात. त्यात जुने लॉग टिकत नाहीत आणि बिघाड झाल्यास शेवटच्या पूर्ण बॅकअपवरच परतता येते. जुना सर्व्हर शाबूत असेपर्यंत हे क्षम्य आहे. काम संपताच ते बंद करावे, एकट्या सर्व्हरवर हा बदल लागू होण्यासाठी डेटाबेस एकदा डिसमाउंट करून पुन्हा माउंट करावा आणि लगेच पूर्ण बॅकअप घ्यावा.

बॅकअप ज्या डिस्कवर जातो ती या चारांपैकी नसावी आणि शक्यतो त्या खोलीतही नसावी. विंडोज सर्व्हर बॅकअप एक्स्चेंज ओळखतो आणि लहान कार्यालयाला पुरतो. पहिल्या महिन्यात एकदा त्यातला एखादा डेटाबेस, मुद्दाम राखून ठेवलेल्या त्या १६० जीबींच्या जागेत, रिकव्हरी डेटाबेस म्हणून उतरवून पाहावा आणि त्यातून एका मेलबॉक्समधले एक पत्र बाहेर काढावे. या कामाला किती वेळ लागला तो आकडा, चारही डिस्कचे अनुक्रमांक आणि त्यांचे खण यांची चिठ्ठी करून सर्व्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी, म्हणजे रात्री डिस्क बदलायला आलेला माणूस चुकून चांगली डिस्क बाहेर ओढणार नाही.